‘तुझा कोण लागत होता तो?’

(पत्रलेखिकेचं नाव बदललं आहे. पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे.)

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे नाशिकचे, आता नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. नवऱ्याला फॉर्म्युला वनचं वेड, त्यामुळे हळूहळू मलाही गोडी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं बेल्जियमला स्पाच्या ट्रॅकवरची रेस बघायला गेलो होतो. मुलगा तेव्हा ८ वर्षांचा. शनिवारी क्वालिफाइंग (रविवारच्या रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) संपल्यावर निघायचं ठरलं होतं, पण मुलगा म्हणाला, फॉर्म्युला टूची रेसही बघू. ही फॉर्म्युला वनच्या खालची पायरी. म्हणून थांबलो. दुसऱ्याच फेरीत चढावर धुरळा उडाला, रेस थांबवणारा लाल झेंडा लागला, मोठ्या पडद्यावरचं चित्र बदललं आणि मग कोणी काही सांगेना. संध्याकाळी तंबूकडे परतताना एका अनोळखी माणसानं त्याचा फोन माझ्यापुढे धरला. आंत्वान ह्युबेर गेला होता. वय २२. त्याआधी मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

रविवारी फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये १९ व्या फेरीला सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, कारण त्याच्या गाडीचा नंबर १९ होता. मी रडत टाळ्या वाजवत होते. आणि तासाभरानं शार्ल लक्लेर जिंकला तेव्हा मी उड्याही मारल्या. याची मला अजून लाज वाटते.

मग २०२३ च्या जुलैमध्ये तिथेच दिलानो व्हान्ट हॉफ गेला, १८ वर्षांचा, इथलाच डच मुलगा. तेव्हापासून टीव्हीवर रेस लागली की मी खोलीतून उठून जाते. नवरा म्हणतो, ‘अगं, तुझा कोण लागत होता तो?’ आता मुलगा १४ चा झालाय. त्याला कार्टिंग शिकायचंय, आणि पुढच्या वर्षीची स्पाची तिकिटं काढा म्हणून मागे लागलाय. आम्ही तिकिटं काढतो म्हणून ही पोरं मरतात का? हा खेळ बंदच करायला नको का? आणि मुलाला काय सांगू?

– स्नेहल, आइंडहोवन


प्रिय स्नेहल,

नवऱ्यानं तो प्रश्न वाईट हेतूनं विचारला नसावा, तरी तो तुला चांगलाच लागलाय. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

कोणी लागत नव्हता. पण तू तिथे होतीस. संध्याकाळी पाचच्या सुमारास जो मुलगा गाडी घेऊन त्या चढाकडे गेला, तो सात वाजायच्या आत या जगात नव्हता. मधल्या वेळात तुझ्यासारखी हजारो माणसं रिकाम्या ट्रॅककडे बघत बसली होती आणि त्यांना काही कळत नव्हतं. शेवटी कळलं ते परक्या माणसाच्या फोनवरून, आणि तेव्हा तुझं स्वतःचं लेकरू तुझा हात धरून चालत होतं. दुसऱ्या दिवशी रेसआधी सगळे ड्रायव्हर मौन पाळायला गोल उभे राहिले. त्यांच्यात आंत्वानची आई आणि भाऊ होते, आणि त्याचं हेल्मेट. तू पत्रात हे लिहिलेलं नाहीस, पण स्टँडमध्ये होतीस म्हणजे पाहिलं असणारच. मला वाटतं, तुझ्या मनात ती बाई राहिलीय. आंत्वान तुझ्या ओळखीचा नव्हता, पण त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवायला तुला क्षणही लागला नसेल.

उड्या मारल्याची लाज मात्र आता सोडून दे. त्या दिवशी जो जिंकला तो लक्लेर लहानपणी कार्टिंगला आंत्वानबरोबरच पळायचा. पिएर गास्ली आणि एस्तेबान ओकॉन हेही त्याच पोरांतले. लक्लेरचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय, आणि तो त्यानं आंत्वानला अर्पण केला. आदल्या संध्याकाळी ज्याचा मित्र गेला त्या पोरानं दुसऱ्या दिवशी त्याच चढावरून ४४ फेऱ्या गाडी नेली. ते बघून कोणाला उभं राहून ओरडावंसं वाटलं, तर त्यात गेलेल्याचा अपमान कुठे झाला? १९ व्या फेरीला रडलीस तीही तूच आणि तासाभरानं नाचलीस तीही तूच.

आता त्या दिवशी नक्की काय झालं ते सांगते. स्टँडमधून ते दिसलं नसणार, आणि जे दिसलं नाही ते मन स्वतःच रंगवत बसतं. ओ रूजच्या खोलगटातून गाडी वर चढते, रेदियोंच्या वळणावरून माथ्यावर येते, आणि पुढे केमेलचा लांब सरळ रस्ता लागतो. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. त्या दिवशी पुढच्या एका गाडीचा ताबा सुटला, मागचे तिला चुकवायला लागले, आणि त्यात आंत्वान उजवीकडे ट्रॅकबाहेर गेला. त्याची गाडी कठड्यावर आपटली आणि तिथून मागे फेकली जाऊन आडवी झाली. तेवढ्यात हुआन मॅन्युएल कोरेयाची गाडी ताशी सुमारे २१८ किलोमीटर वेगानं जवळजवळ काटकोनात तिच्या कुशीत घुसली. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेनं चौकशी केली आणि २०२० च्या सुरुवातीला निष्कर्ष सांगितला: कोणा एकाची चूक नाही, एकामागून एक गोष्टी घडत गेल्या. पुढे धोका आहे, हळू जा, असं सांगणारे पिवळे झेंडेही वेळेत दाखवले गेले होते. रेसिंग गाडीचं नाक आणि शेपूट चेचली जाण्यासाठीच बांधलेली असतात, धक्का तिथे जिरतो. कुशीला तेवढी जागाच नसते. हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची धातूची कमान, त्याच्या गाडीलाही होता, पण कुशीतून येणाऱ्या अशा माराला तो काय करणार?

आणि कोरेया. तुझ्या पत्रात तो नाही, बहुतेकांच्या आठवणीतही नसतो. तो तेव्हा २० वर्षांचा होता. दोन्ही पाय मोडले, पाठीच्या कण्याला इजा झाली, फुप्फुसांनी दगा दिला म्हणून डॉक्टरांनी त्याला काही दिवस बेशुद्ध ठेवलं. पाय वाचवायला किती तरी तास चाललेली शस्त्रक्रिया झाली. २०२१ मध्ये तो पुन्हा रेसिंगला उतरला. त्या दिवसाचा विचार मनात येईल तेव्हा त्याचंही नाव घेत जा. त्या अपघातातून तो उठला आणि पुन्हा चालायला लागला.

२०२२ च्या मोसमाआधी स्पाच्या ट्रॅकवर मोठी कामं झाली. रेदियोंला कडेची जागा रुंदावली, कठडे मागे सरकवले, खडीचे पट्टे परत आले. तरी दिलानो गेला, आणि म्हणूनच तुझा संताप उसळलाय. तो मला पटतो. त्याच्या वेळी पाऊस होता. सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्यांना हळू नेणारी पुढची गाडी, बाजूला झाली, रेस परत सुटली आणि गाड्यांच्या चाकांमागून उठणाऱ्या तुषारांत मागच्याला पुढचं काही दिसेना. आडव्या झालेल्या गाडीच्या कुशीत पुन्हा दुसरी गाडी आली. कठडे कितीही मागे न्या, आंधळ्या पाण्यात पळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर चाकांना आवरणं लावून चाचण्या झाल्या, त्यांतून हवं तसं काही निघालेलं नाही. म्हणजे अशा वेळी उपाय एकच उरतो. कोणीतरी म्हणायला हवं की थांबा, आत्ता नाही.

आणि हे ‘थांबा’ म्हणणं या खेळात फार महाग पडत आलंय. यात तुझ्यामाझ्यासारख्या बघणाऱ्यांचाही हात आहे, म्हणून मला यावर जरा सविस्तर लिहायचंय.

१९६६ साली याच स्पावर जॅकी स्टुअर्ट या फॉर्म्युला वन ड्रायव्हरचा अपघात झाला. तेव्हा हा ट्रॅक १४ किलोमीटरचा होता, गावांमधून, शेतांमधून जाणारा साधा रस्ता. पहिल्याच फेरीत अचानक सर आली आणि त्याची गाडी रस्ता सोडून एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. आत तो अडकलेला, अंगावर पेट्रोल गळतंय. त्याला काढायला ना मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मदतनीस) आले ना कोणी डॉक्टर. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दोन ड्रायव्हर स्वतःच्या गाड्या सोडून धावले. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्याला बाहेर ओढता येईना, आणि ते काढायला पाना नव्हता. तो मिळाला रेस बघायला आलेल्या एका प्रेक्षकाच्या गाडीतून. पुढे त्याला घेऊन लिएजच्या हॉस्पिटलकडे निघालेली ॲम्ब्युलन्स रस्ता चुकली. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत पाना चिकटवून ठेवायला लागला, आणि सुरक्षेसाठी हात धुऊन मागे लागला: सीटबेल्ट हवेत, कठडे हवेत, डॉक्टर हवेत, ट्रॅक सुधारला नाही तर आम्ही पळणार नाही. १९६९ ची स्पाची रेस त्यामुळेच झाली नाही. लोकांनी त्याचे आभार मानले का? भित्रा म्हणून हिणवलं. खेळातली मर्दुमकी घालवली म्हणाले. १९७० नंतर फॉर्म्युला वननं तो जुना स्पा सोडला आणि १९८३ मध्ये परत आलं ते जेमतेम ७ किलोमीटरच्या नव्या आखणीवर.

२०१८ ला हेलो आला तेव्हाही हेच. चाहते म्हणाले कुरूप आहे, चपलेचा पट्टा दिसतो, खुल्या गाडीची शान गेली. त्याच वर्षी, त्याच स्पाला, पहिल्याच वळणावर फर्नांडो अलोन्सोची गाडी उडून एका नवख्या पोराच्या डोक्यावरून गेली. हेलोवर टायरचे काळे ओरखडे उमटले, पोराला खरचटलंही नाही. तो पोरगा शार्ल लक्लेर. वर्षभरानं तू ज्याच्यासाठी उड्या मारल्यास, तोच.

२०२१ ला स्पालाच शनिवारी भर पावसात क्वालिफाइंग चालू होतं. सेबॅस्टियन फेटेल रेडिओवरून सांगत होता, लाल झेंडा दाखवा, ही वेळ नाही. कोणी ऐकलं नाही, आणि थोड्याच वेळात लँडो नॉरिस रेदियोंलाच जोरात आपटला. तो वाचला. फेटेल त्याच्या शेजारी गाडी हळू करून तो ठीक आहे ना ते बघून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबेना, लोक तासन् तास चिखलात बसले, आणि शेवटी सेफ्टी कारच्या मागे जेमतेम दोन-तीन फेऱ्या फिरवून अर्धे गुण वाटले. लोक भडकले. माझं मत विचारशील तर अर्धे गुण वाटणं ही फसवणूकच होती आणि प्रेक्षकांचे पैसे परत द्यायला हवे होते. पण खऱ्याखुऱ्या वेगानं रेस सोडली नाही, हे मात्र बरोबरच झालं. २०२५ ला स्पाला पावसामुळे सुरुवात सुमारे ८० मिनिटं लांबवली, तेव्हाही किती जणांनी नाकं मुरडली! काही ड्रायव्हरसुद्धा म्हणाले, उगाच वेळ घालवला. तिथेच दोन पोरं गेलेली असताना.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. तिकीट काढलंस म्हणून कोणी मेलं नाही. मात्र रेस थांबलेली असताना स्टँडमधून जी हुर्यो उठते, घरी सोफ्यावर बसून ‘सोडा आता, किती वेळ!’ असं जे आपण म्हणतो, त्याचं ओझं लाल झेंड्याचा निर्णय घेणाऱ्यावर पडतं. टीव्हीचं वेळापत्रक, जाहिरातदार, भरलेली स्टँड्स, हे सगळं एका बाजूला असतं आणि ‘थांबा’ म्हणणारा एकटा दुसऱ्या बाजूला. त्याच्या बाजूला चाहते उभे राहिले तर त्याचं काम सोपं होईल. तू उठून खोलीबाहेर जातेस तेव्हा तिथे त्याच्या बाजूचा एक माणूस कमी होतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बंदीचं म्हणशील तर तेही करून झालंय. १९५५ ला ल मान्सच्या शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून ८० हून जास्त प्रेक्षक गेले, त्यानंतर स्वित्झर्लंडनं सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. ती कित्येक दशकं टिकली. स्विस पोरं शेजारच्या देशांत जाऊन पळत राहिली. त्यांतला यो सिफेर १९७१ मध्ये इंग्लंडला ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर पेटलेल्या गाडीत गेला. बंदीनं त्याला वाचवलं नाही. गाडीतच आग विझवायची सोय हवी, ड्रायव्हरला श्वासासाठी हवा मिळायला हवी, हे नियम त्याच्या मरणानंतर पुढे आले आणि पुढच्यांना कामी आले. दर वेळी एक पोर गेल्यावर एक नियम येतो, हा हिशेब मला कधीच गोड वाटलेला नाही. पण जगात कुठे ना कुठे गाड्या पळणारच आहेत, आणि जिथे डॉक्टर, मार्शल, चौकशी आणि ओरडणारे चाहते आहेत तिथेच त्या पळाव्यात.

आता मुलगा. तुझं पत्र मी परत परत वाचलं, आणि दर वेळी एकाच वाक्याशी अडखळले: ‘मुलगा म्हणाला, फॉर्म्युला टूची रेसही बघू.’ तो आग्रह त्याचा होता, स्नेहल. त्या संध्याकाळी त्याला तुम्ही काय सांगितलंत? तंबूत झोपताना तो काय म्हणाला? पत्रात तुझं आहे, नवऱ्याचं आहे, त्याचं काहीच नाही. आठ वर्षांच्या पोराला सगळं कळतं आणि विचारायचं कसं ते कळत नाही. शिवाय रेस लागली की आई उठून जाते, हेही तो काही वर्षं बघतोय. त्याला सांगायचं काय, हे नंतर बघू. आधी त्याला विचार. गाडीतून कुठे तरी जात असताना विचार, समोरासमोर बसवून नको. ‘तुला स्पाचा तो शनिवार आठवतो का?’ एवढंच, आणि मग गप्प राहा. त्या अपघाताची क्लिप त्यानं बहुधा फोनवर पाहिलेली असेल. रागावू नकोस. पण तुम्ही दोघं ती बघू नका, कोणी पाठवली तर पुढे पाठवू नका, आणि का, ते त्याला सांग: ती कुणाच्या तरी आईसमोरही येऊ शकते.

कार्टिंगला नाही म्हणू नकोस. चौकशी मात्र कडक कर. रेसिंग कार्टला सीटबेल्ट नसतो हे आधी जाणून घे, नाहीतर पहिल्याच दिवशी तुझा जीव जाईल. उलटलं तर पोरगं बाहेर फेकलं जावं, खाली सापडू नये, असा त्यामागचा विचार. त्यामुळे बरगड्यांचं कवच आणि डोक्याला घट्ट बसणारं, मुलांसाठीच्या मानकाचं हलकं हेल्मेट या दोन गोष्टींत काटकसर नको, आणि हेल्मेट कुणाचं वापरलेलं घेऊ नका. किती वयाच्या पोरांना कुठल्या ताकदीच्या इंजिनावर बसवतात ते विचार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत बेंगळुरूचा अवघा १३ वर्षांचा मुलगा गेला, आणि आयोजकांनी उरलेल्या शर्यती रद्द केल्या. एवढ्या लहान वयात एवढा वेग हवाच का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजून सुटलेला नाही. तो तू क्लबवाल्यांना बिनदिक्कत विचार.

तिकिटांची घाई नको. आधी घरी एक कोरड्या हवेतली रेस शेवटपर्यंत बघ, मुलाशेजारी बसून. जमली तर दुसरी. स्पाला जायचं ठरलंच तर रेदियोंसमोरचं स्टँड घेऊ नका, पहिल्या वळणाजवळचं बघा. आणि निघायच्या आधीच नवऱ्याकडून कबूल करून घे की पाऊस आला आणि रेस झाली नाही, तर कुरकुर न करता घरी यायचं. तिथे केशरी कपड्यांतले मार्शल दिसतील. त्यांतले बहुतेक हौसेनं, पदरमोड करून उभे असतात, आणि त्यांच्यातलेही जीव गेलेत: २००० मध्ये मोंझाला, २००१ मध्ये मेलबर्नला, दोन्ही वेळा उडालेल्या चाकानं. मुलाला त्यांच्याशी बोलायला लाव. त्याला हा खेळ कुठल्या बाजूनं आवडतो ते त्याचं त्यालाच कळेल. ड्रायव्हरच व्हायचं असेल असं नाही.

क्लबला फोन कराल तेव्हा एक प्रश्न न विसरता विचार: पिवळा झेंडा दिसूनही जो मुलगा वेग कमी करत नाही, त्याचं तुम्ही काय करता? त्या दिवसापुरतं त्याला घरी पाठवतो, असं उत्तर आलं तर नाव नोंदव. हसून विषय बदलला तर दुसरा क्लब शोध. काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझी,
ताई